मॉरिशसची सार्वत्रिक निवडणूक, १९६७

मॉरिशसची सार्वत्रिक निवडणूक, १९६७ : हिंदी महासागरातील मॉरिशस या तत्कालीन ब्रिटिश वसाहतीच्या विधानसभेसाठी ७ ऑगस्ट १९६७ रोजी झालेली निवडणूक. वसाहतीला स्वातंत्र्य द्यावे की नाही, याचा निर्णय ब्रिटिश शासनाने या निवडणुकीच्या निकालावर सोपविला होता. स्वातंत्र्यवादी आघाडीस ६२ पैकी ३९ जागा मिळाल्या व १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. तथापि सु. ४४ टक्के मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली होती आणि मतांची ही विभागणी बऱ्याच अंशी वांशिक व धार्मिक समाजांच्या सीमारेषांना धरून झाली होती. एका समाजाचे बहुमत म्हणजे दुसऱ्या समाजांची कायमची पराधीनता, ही भीती ज्या देशात प्रबळ असते, तेथे मतपेटीतून निघालेला निर्णय सर्वांना मान्य कसा व्हावा, या प्रश्नाचे एक उद्‌बोधक उदाहरण म्हणून या निवडणुकीकडे पाहिले जाते.

समाजरचना : मॉरिशसमध्ये मूळचे रहिवासी असे कोणी नव्हते. डचांनी १५९८ मध्ये बेटाला आपल्या राजपुत्राचे नाव दिले व पुढे तेथे वसाहतीचे प्रयत्न केले. ते १७१० मध्ये निघून गेले. १७१५ पासून फ्रेंचांनी आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर मळ्यांची अर्थव्यवस्था उभारली. १८१० मध्ये बेट ब्रिटिशांनी जिंकले; मात्र फ्रेंच मळेवाल्यांची मालमत्ता, धर्म, कायदे व रूढी त्यांनी अबाधित ठेवल्या. त्यामुळे शासनाची भाषा इंग्रजी, वृत्तपत्रे व प्रतिष्ठितांची भाषा फ्रेंच आणि सर्वसामान्यांच्या व्यवहाराची भाषा क्रिओल, अशी त्रिविध भाषिक स्थिती निर्माण झाली.

१८३५ मध्ये गुलामगिरी नष्ट झाली. तिच्या आगेमागे, म्हणजे १८३४ पासून, ऊसमळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर आणण्यास प्रारंभ झाला. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सु. साडेचार लाख भारतीय या बेटावर उतरले व त्यांतील बहुसंख्य तेथेच स्थायिक झाले. बिहार व उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागातून आलेल्या भोजपुरी भाषकांचे प्रमाण त्यांत सर्वाधिक होते. मद्रासमार्गे तमिळ व तेलुगू, तर मुंबई बंदरातून मुख्यत्वे कोकणातील मराठी मजूर आले. गुजराती मुसलमान व्यापारी आणि चिनी दुकानदार हे स्वतंत्रपणे येऊन स्थिरावले. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत भारतीय वंशाच्या लोकांचे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या सु. दोन तृतीयांश झाले होते.

निवडणुकीच्या सुमारास लोकसंख्येत हिंदू सु. ५२ टक्के, मुसलमान सु. १६ ते १७ टक्के, चिनी सु. ३ टक्के आणि उर्वरित सु. २८ ते २९ टक्के लोक ‘सर्वसाधारण लोकसमूह’ या सदरात मोडत. या शेवटच्या सदरात ऊसमळे व साखर कारखाने ज्यांच्या हाती होते, असे मूठभर फ्रेंच वंशीय आणि गुलामांचे वंशज असलेले बहुसंख्य गरीब क्रिओल यांचा एकत्र समावेश होता. कॅथलिक धर्म व फ्रेंच संस्कृतीचे आकर्षण एवढेच काय ते त्यांच्यातील सामाईक सूत्र होते. ‘हिंदू’ हे सदरही एकजिनसी नव्हते. तमिळ, तेलुगू व मराठी भाषकांच्या संस्था, सण-उत्सव व धर्माचार निराळे होते. त्यांतील मराठी भाषकांची संख्या एकूण लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास होती. गणेशोत्सव आणि मराठी नाटक यांच्या आधारे त्यांनी आपले वेगळेपण जपले होते. राजकीय गणनेत मात्र हे सर्व ‘हिंदू’ या एकाच शीर्षकाखाली धरले जात.

मताधिकाराचा विस्तार : १८८५ च्या संविधानाने शासकीय परिषदेत दहा निर्वाचित सदस्यांची तरतूद केली, परंतु मताधिकार मालमत्ता व उत्पन्न यांवर आधारित असल्याने प्रारंभी जेमतेम चार हजार लोकांना तो मिळाला. भारतीय वंशाचे पहिले निर्वाचित सदस्य परिषदेत पोहोचण्यास १९२६ साल उजाडावे लागले. १९३६ मध्ये डॉ. मॉरिस क्युरे यांनी मजूर पक्षाची स्थापना केली. क्रिओल कारागीर व गोदी कामगार आणि भारतीय शेतमजूर या दोहोंना एकत्र आणणारा हा पहिला पक्ष होय. १९३७ मध्ये ऊसमळ्यांवर झालेल्या दंगलींनंतर कामगार संघटनांना कायदेशीर मान्यता मिळाली. एमान्युएल आंकतिल व गी रोझमाँ या क्रिओल नेत्यांनी पुढे पक्षाची धुरा वाहिली. मजूर पक्ष हा आरंभी जातीय पक्ष नव्हता, ही गोष्ट पुढील घडामोडींच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९४७ च्या संविधानाने बेटावर प्रचलित असलेल्या भाषांपैकी कोणत्याही एका भाषेत साधे लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढास मत दिले. बासदेव बिसूनदयाल यांच्या जनआंदोलनाने खेडोपाडी ‘बैठका’ भरवून प्रौढांना अक्षरओळख करून दिली. अक्षरओळख हाच मताधिकाराचा दाखला ठरल्याने या वर्गांना राजकीय महत्त्व प्राप्त झाले. १९४८ च्या निवडणुकीत मतदारांची संख्या सु. ७१ हजारांवर गेली. पूर्वी ती दहा-बारा हजारांच्या घरात होती. १९५९ मध्ये सार्वत्रिक प्रौढ मताधिकाराखाली ४० एकसदस्यीय मतदारसंघांतून पहिली निवडणूक झाली व मजूर पक्ष विजयी झाला. रोझमाँ यांच्या निधनानंतर (१९५६) पक्षाचे नेतृत्व डॉ. शिवसागर रामगुलाम (१९००–१९८५) यांच्याकडे आले होते. ते १९६१ मध्ये मुख्यमंत्री झाले.

मताधिकार जसजसा विस्तारत गेला, तसतशी संख्येची जाणीव तीव्र होत गेली. पूर्वी मळेवाल्यांच्या विरोधात भारतीय मजुरांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहणारा क्रिओल समाज आता हिंदू बहुमताच्या शक्यतेने साशंक झाला. सरकारी नोकऱ्या, विशेषतः पोलीस दल व कार्यालयीन सेवा यांत त्याचे प्रमाण मोठे होते आणि शिक्षित हिंदू तरुण त्याच जागांवर हक्क सांगू लागले होते. हिवतापाच्या उच्चाटनानंतर लोकसंख्या झपाट्याने वाढली होती. निर्यातीचे ९० टक्क्यांहून अधिक उत्पन्न एकट्या साखरेवर अवलंबून होते आणि बेकारी वाढत होती. नोकऱ्या थोड्या व उमेदवार अनेक, अशा परिस्थितीत प्रत्येक नेमणूक ही कोणत्या ना कोणत्या समाजाची जीत वा हार मानली जाऊ लागली.

पक्ष व नेते : १९६३ च्या निवडणुकीत कोणत्याही एका पक्षास बहुमत मिळाले नाही. मजूर पक्षास ४० पैकी १९ जागा मिळाल्या व सर्वपक्षीय शासन स्थापन झाले. १९६७ पर्यंत मात्र दोन स्पष्ट गट पडले. मजूर पक्ष, सुखदेव बिसूनदयाल (१९०८–७७) यांचा ‘इंडिपेंडंट फॉरवर्ड ब्लॉक’ आणि अब्दुल रझाक महंमद (१९०६–७८) यांची मुस्लिम कृती समिती, हे तिन्ही पक्ष ‘स्वातंत्र्य पक्ष’ या नावाने एकत्र आले. बिसूनदयाल यांचा प्रभाव ग्रामीण भागातील गरीब हिंदूंवर होता. कलकत्त्यात जन्मलेले महंमद यांनी मुसलमानांसाठी संविधानात्मक संरक्षणाची मागणी धरून ठेवून मजूर पक्षाशी सहकार्याचे धोरण स्वीकारले होते.

विरोधात ‘पार्ती मॉरिसियाँ’ हा पक्ष होता; पुढे तो मॉरिशियन सोशल डेमोक्रॅटिक पक्ष या नावाने ओळखला जाऊ लागला. ज्यूल क्योनिग यांनी स्थापिलेल्या या पक्षास मळेवाल्यांचे पाठबळ होते. १९६६ मध्ये नेतृत्वपदी आलेले तरुण क्रिओल वकील गाएताँ द्युव्हाल (१९३०–९६) यांनी मात्र त्यास शहरांतील सामान्य माणसाचा पक्ष बनविले. ते प्रभावी वक्ते होते. क्रिओल, चिनी व फ्रेंच वंशीय समाजांव्यतिरिक्त काही मुसलमान व तमिळ मतदारांनाही त्यांनी आपल्याकडे वळविले. स्वातंत्र्याऐवजी ब्रिटनशी ‘सहयोगी’ संबंध राखावा, म्हणजे साखरेला हमखास बाजारपेठ व बेकारांना परदेशी जाण्याची वाट उपलब्ध राहील, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो केवळ मळेवाल्यांच्या हिताचा होता असे म्हणता येत नाही. घरात बेकार मुलगा असलेल्या क्रिओल कुटुंबाला त्यात प्रत्यक्ष अर्थ होता.

लंडन परिषद : मे १९६५ मध्ये दक्षिणेकडील त्र्वा बुतीक येथे हिंदू व क्रिओल यांच्यात दंगल उसळली आणि ब्रिटिश सैन्य पाचारण करावे लागले. या पार्श्वभूमीवर सप्टेंबर १९६५ मध्ये लंडन येथे संविधान परिषद भरली. पार्ती मॉरिसियाँने सार्वमताची मागणी केली. वसाहतमंत्री अँथनी ग्रीनवुड यांनी ती अमान्य केली. सार्वमतामुळे जातीय तेढ अधिक वाढेल व अनिश्चितता लांबेल, अशी ब्रिटिश शासनाची भूमिका होती. सार्वत्रिक निवडणुकीनंतर नव्या विधानसभेने साध्या बहुमताने ठराव केल्यास स्वातंत्र्य दिले जाईल, असे २४ सप्टेंबर रोजी जाहीर झाले.

याच परिषदेच्या काळात चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडण्यास मॉरिशसच्या मंत्र्यांची संमती ३० लाख पौंडांच्या मोबदल्यात मिळविण्यात आली आणि ८ नोव्हेंबर १९६५ रोजी ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश निर्माण झाला. मोबदल्याच्या अटी असमाधानकारक असल्याचे सांगून पार्ती मॉरिसियाँच्या मंत्र्यांनी राजीनामे दिले. वसाहतीच्या नेत्यांची ही संमती मुक्त इच्छेची नव्हती आणि म्हणून मॉरिशसच्या वसाहतमुक्तीची प्रक्रिया कायदेशीर रीत्या पूर्ण झाली नाही, असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये व्यक्त केले. ही बेटे मॉरिशसच्या सार्वभौमत्वाखाली देण्याबाबतचा करार ब्रिटन व मॉरिशस यांनी मे २०२५ मध्ये केला.

निर्वाचन पद्धती : निवडणुकीची पद्धत कोणती असावी, हाच खरा कळीचा प्रश्न होता. एकसदस्यीय मतदारसंघांत लहान समाजांची मते विखुरतील, अशी भीती होती. उलटपक्षी प्रत्येक समाजाची वेगळी मतदारयादी केल्यास राजकारण कायमचे जातीय होईल. भारतात १९०९ पासून रूढ झालेल्या विभक्त मतदारसंघांचा अनुभव सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी सर हॅरल्ड बॅनवेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. त्याने १९६६ मध्ये अहवाल सादर केला. मॉरिशस बेटाचे २० त्रिसदस्यीय मतदारसंघ व रॉड्रिग्झ बेटाचा एक द्विसदस्यीय मतदारसंघ, असे एकूण ६२ निर्वाचित सदस्य असावेत, ही आयोगाची शिफारस मान्य झाली. असमतोल दूर करण्यासाठी सुचविलेल्या पूरक जागांच्या योजनेस मात्र शासकीय पक्षांनी तीव्र विरोध केला. आपले बहुमत तीमुळे कृत्रिम रीत्या घटविले जाईल, असे त्यांना वाटत होते. तेव्हा वसाहत खात्याचे उपमंत्री जॉन स्टोनहाउस यांनी मॉरिशसला भेट देऊन जुलै १९६६ मध्ये सर्व पक्षांत तडजोड घडवून आणली.

या तडजोडीनुसार मतदारयादी सर्व समाजांसाठी एकच ठेवण्यात आली. त्रिसदस्यीय मतदारसंघातील प्रत्येक मतदाराने तीन मते देणे आवश्यक होते. कमी मते दिल्यास मतपत्रिका बाद ठरे. यामागील हेतू असा, की आपल्या समाजाच्या एकाच उमेदवाराला मत देऊन थांबण्याची सोय मतदारास राहू नये. त्यामुळे पक्षांनाही मिश्र वस्तीच्या मतदारसंघात वेगवेगळ्या समाजांचे तीन उमेदवार उभे करणे हितावह ठरले.

याला जोड म्हणून आठ अतिरिक्त जागांची योजना करण्यात आली. ती ‘सर्वोत्तम पराभूत’ पद्धती म्हणून ओळखली जाते. प्रत्येक उमेदवाराने अर्ज भरताना आपला समाज जाहीर करावयाचा. संविधानाने हिंदू, मुसलमान व चिनी हे तीन समाज मानले. जी व्यक्ती आपल्या जीवनपद्धतीवरून या तिहींपैकी कोणत्याही समाजाची दिसत नाही, ती ‘सर्वसाधारण लोकसमूह’ या चौथ्या समाजाची समजावी, अशी तरतूद होती. निकालानंतर प्रत्येक समाजाच्या लोकसंख्येस त्या समाजाला मिळालेल्या जागांत एक मिळवून येणाऱ्या संख्येने भागावयाचे. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, तो समाज सर्वांत कमी प्रतिनिधित्व मिळालेला. त्या समाजाच्या पराभूत पक्षीय उमेदवारांपैकी ज्याला आपल्या मतदारसंघात सर्वाधिक प्रमाणात मते पडली असतील, त्यास पहिली अतिरिक्त जागा मिळावयाची. उदाहरणार्थ, पुढे दीर्घकाळ आधारभूत ठरलेल्या १९७२ च्या जनगणनेत मुसलमान सु. १ लाख ३७ हजार व चिनी सु. २४ हजार होते. समजा, पाच मुसलमान निवडून आले व एकही चिनी निवडून आला नाही, तर मुसलमानांचा भागाकार (सहाने भागून) सु. २२,८०० व चिन्यांचा (एकने भागून) २४ हजार येईल आणि जागा चिनी उमेदवाराला जाईल. अशा रीतीने पहिल्या चार जागा पक्ष न पाहता भरावयाच्या. या चार जागांमुळे पक्षांचे बलाबल बिघडल्यास ते पूर्ववत करण्यासाठी उरलेल्या चार जागा योजावयाच्या. पहिल्या चार जागांमध्ये समाजाचा आणि पुढील चार जागांमध्ये पक्षाचा तोल सांभाळणारी ही रचना होती. अल्पसंख्याकांना जागेची हमी आणि बहुमतवाल्यांना बहुमताची हमी एकाच वेळी मिळाल्यामुळेच परस्परांवर अविश्वास असलेल्या पक्षांनी ती स्वीकारली.

निवडणूक व निकाल : मतदारनोंदणी नव्याने करण्यात आली. नोंदणी व मतदान यांवर राष्ट्रकुलाच्या निरीक्षकांनी देखरेख केली. मतदारांची संख्या तीन लाखांहून थोडी अधिक होती व दहापैकी जवळजवळ नऊ मतदारांनी मतदान केले. प्रचार अत्यंत चुरशीचा झाला. स्वातंत्र्य पक्षाने आत्मसन्मान, शिक्षण व समाजकल्याण यांवर, तर विरोधी पक्षाने आर्थिक धोक्यावर भर दिला. मात्र व्यासपीठावरील या भाषेखाली कोणाचे राज्य येणार हा प्रश्न सतत वावरत होता.

स्वातंत्र्य पक्षास सु. ५४ ते ५५ टक्के मते व ३९ जागा, तर द्युव्हाल यांच्या पक्षास सु. ४४ टक्के मते व २३ जागा मिळाल्या. रॉड्रिग्झच्या दोन्ही जागा विरोधकांकडे गेल्या. ग्रामीण उत्तर व पूर्व भागांत स्वातंत्र्यवाद्यांचे, तर मध्यवर्ती पठारावरील शहरी पट्ट्यात विरोधकांचे प्राबल्य दिसून आले. आठ अतिरिक्त जागा दोन्ही पक्षांत चार-चार अशा वाटल्या गेल्या आणि ७० सदस्यांच्या विधानसभेत बलाबल ४३ विरुद्ध २७ असे झाले. सु. दहा टक्के मतांच्या अंतरातून १६ जागांचे आधिक्य उत्पन्न झाले, याचे कारण बहुमताच्या पद्धतीत शोधावे लागते. दुसऱ्या बाजूने, हिंदूंचे प्रमाण सु. ५२ टक्के असताना आणि सर्व हिंदूंनी एकाच पक्षास मते दिलेली नसताना हा विजय मुसलमान व इतर समाजांतील काही मतदारांच्या पाठिंब्याशिवाय शक्य नव्हता. त्यामुळे निकालाचे स्वरूप निव्वळ जातीय होते असेही म्हणता येत नाही.

१२ ऑगस्ट १९६७ रोजी अंतर्गत स्वायत्तता देणारे संविधान अंमलात आले. २२ ऑगस्ट रोजी विधानसभेने विरोधी पक्षाच्या अनुपस्थितीत स्वातंत्र्याचा ठराव संमत केला.

दंगल व स्वातंत्र्य : निकालाने प्रश्न निकाली निघाला, भीती मात्र शमली नाही. जानेवारी १९६८ मध्ये राजधानी पोर्ट लुई येथे मुसलमान व क्रिओल यांच्या टोळ्यांत सुरू झालेल्या चकमकींचे पर्यवसान भीषण दंगलीत झाले. सु. पंचवीस लोक मृत्युमुखी पडले, शेकडो जखमी झाले व अनेक घरे जाळली गेली. आणीबाणी पुकारण्यात आली व सिंगापूरहून ब्रिटिश सैन्य आणण्यात आले. पिढ्यानुपिढ्या शेजारी राहिलेल्या कुटुंबांनी परस्परांशी घरे बदलली. प्लेन व्हर्तसारख्या वस्त्यांतून क्रिओल व रोश ब्वासारख्या वस्त्यांतून मुसलमान निघून गेले. शहराच्या नकाशावर या स्थलांतराच्या खुणा पुढे दीर्घकाळ राहिल्या.

या वातावरणात १२ मार्च १९६८ रोजी पोर्ट लुईच्या शाँ द मार्स मैदानावर नवा ध्वज उभारण्यात आला. महात्मा गांधींच्या दांडी यात्रेच्या प्रारंभाचा दिवस म्हणून ही तारीख निवडली होती. राजकन्या अलेक्झांड्रा यांची भेट दंगलीमुळे रद्द झाली. विरोधी पक्षाच्या अनेक समर्थकांनी सोहळ्याकडे पाठ फिरविली. हजारो क्रिओल व फ्रेंच वंशीय कुटुंबांनी या काळात ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, फ्रान्स, दक्षिण आफ्रिका इ. देशांची वाट धरली.

परिणाम : निकालापेक्षाही महत्त्वाची घटना १९६९ च्या अखेरीस घडली. पंतप्रधान रामगुलाम यांनी द्युव्हाल यांच्या पक्षाशी संयुक्त शासन स्थापन केले व द्युव्हाल परराष्ट्रमंत्री झाले. स्वातंत्र्याला विरोध करणारा नेता स्वतंत्र देशाचा प्रतिनिधी म्हणून परदेशी राजधान्यांत वावरू लागला. मळेवाल्यांचे भांडवल देशात राहिले आणि १९७० च्या निर्यात प्रक्रिया क्षेत्र कायद्यान्वये ते उद्योगांकडेही वळले. पराभूतांना सत्तेत वाटा देण्याच्या या धोरणामुळे अल्पसंख्य समाजांची धास्ती कमी झाली, हे सर्वसाधारणपणे मान्य केले जाते.

त्याची किंमतही देशास मोजावी लागली. संयुक्त शासनाने १९७२ मध्ये अपेक्षित असलेली सार्वत्रिक निवडणूक १९७६ पर्यंत लांबविली. बिसूनदयाल विरोधी पक्षात गेले. या पोकळीत पॉल बेराँजे, देव विरासामी प्रभृती तरुणांनी १९६९ मध्ये स्थापिलेली ‘मॉरिशियन मिलिटंट मूव्हमेंट’ ही वर्गीय ऐक्याची भाषा बोलणारी संघटना वेगाने वाढली. १९७० मध्ये खुद्द रामगुलाम यांच्या पाम्प्लमूस-त्रियोले मतदारसंघातील पोटनिवडणूक विरासामी यांनी जिंकली. १९७१ च्या गोदी संपानंतर आणीबाणी जारी होऊन तिचे नेते तुरुंगात डांबले गेले. १९७६ मध्ये या पक्षाने ७० पैकी ३४ जागा मिळविल्या आणि १९८२ मध्ये मित्रपक्षासह मॉरिशस बेटावरील सर्वच्या सर्व ६० जागा जिंकल्या. अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान झाले व सत्तांतर शांततेने पार पडले. त्या वर्षी सभागृहात जे अल्पसे विरोधक पोहोचले, त्यांतील मॉरिशस बेटावरील सदस्य केवळ अतिरिक्त जागांमुळेच आले होते. १९९५ व २०२४ मध्येही विजेत्या आघाड्यांनी अशाच सर्व ६० जागा पटकाविल्या. त्रिसदस्यीय मतदारसंघांची पद्धत थोड्या मताधिक्याचे प्रचंड बहुमतात रूपांतर करते, हा तिचा दोष यावरून स्पष्ट होतो.

मूल्यमापन : १९६७ च्या व्यवस्थेविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार तिने कोणत्याही समाजास सभागृहाबाहेर राहू दिले नाही व पक्षांना मिश्र उमेदवारी देण्यास भाग पाडले. शुद्ध बहुमताच्या तत्त्वावर चाललेल्या श्रीलंकेत १९५६ च्या निवडणुकीनंतर भाषाविषयक संघर्ष चिघळत गेला; मॉरिशसमध्ये मात्र १९६८ नंतर तेवढ्या विस्ताराची जातीय दंगल झाली नाही. दुसऱ्या मतानुसार या व्यवस्थेने नागरिकाच्या आधी त्याच्या समाजाची नोंद घेतली. १९८२ मध्ये जनगणनेतून समाजाचा रकाना वगळण्यात आला. परिणामी अतिरिक्त जागांचे गणित १९७२ च्या आकड्यांवर अवलंबून राहिले. समाज जाहीर करण्यास नकार दिल्यामुळे अर्ज फेटाळल्या गेलेल्या उमेदवारांच्या तक्रारीवरून संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१२ मध्ये ही सक्ती नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराशी विसंगत ठरविली. २०१४ च्या निवडणुकीपुरती तात्पुरती सूट देण्यात आली. पद्धती मात्र रद्द झाली नाही. २००३ मध्ये बेराँजे यांच्या रूपाने हिंदूतर व्यक्ती प्रथमच पंतप्रधानपदी आली. त्यापूर्वीची व नंतरचीही पंतप्रधानपदाची परंपरा पाहता, लिखित नियमांबरोबरच अलिखित जातीय संकेतही राजकारणात टिकून असल्याचे दिसते.

१९६७ च्या निवडणुकीने मॉरिशसला स्वातंत्र्य दिले. राष्ट्रैक्य मात्र ती देऊ शकली नाही आणि कोणत्याही निवडणुकीस ते एका दिवसात देता येत नाही. तिचे यश निराळ्या प्रकारचे आहे. हरलेल्या ४४ टक्क्यांना सभागृहात जागा राहिली, सभागृहातून त्यांना शासनात जाण्याचा मार्ग मिळाला आणि त्यामुळे पुढील निवडणुकीची वाट पाहणे त्यांना शक्य झाले. मतमोजणीचे नियम मतदानापूर्वी सर्व पक्षांच्या संमतीने ठरले होते, ही बाब या दृष्टीने निर्णायक ठरली. त्याच नियमांनी समाजांच्या सीमारेषा संविधानात कोरून ठेवल्या आणि त्या पुसून टाकण्याचे काम पुढील पिढ्यांवर सोपविले.